फ्रेममध्ये माणूस नको

घरात जुने चार्जर साठतात ना, कुणी आणले आठवत नाही आणि टाकवतही नाहीत, तसे आमच्या ग्रुपचे किस्से साठलेत. दर रविवारी सकाळी आम्ही चार मराठी टाळकी बेंगळुरूत भटकतो. गंजलेली शटरं, उडालेला रंग, ओल आलेल्या भिंती, जे सुंदर दिसेल त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. नियम एकच, फ्रेममध्ये माणूस नको. ॲडमिन स्वाती पक्की पुणेकर. कुणाचं कोपर दिसलं तरी फोटो डिलीट!

*

मारतहळ्ळीत एका कंपाउंडवर पोपडे निघून झकास मोर झाला होता. शोध निनादचा, त्यामुळे कॉलर ताठ! पुढच्या रविवारी बघतो तर भिंतीला नवा रंग. बिचारा फार हळहळला.

त्याच्या पुढच्या रविवारी मोर परत हजर. फक्त तोंड दुसरीकडे!

*

आमच्यात वडीलधारे म्हणजे निपाणीचे अण्णा. रिटायर्ड, घरात एकटेच. बायको, आमच्या अक्का, गेल्या, आणि त्यांचा एक धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की तोंडावर पदर! "चेहरा विसराय लागलोय रे मी तिचा," अण्णा एकदा मला म्हणाले.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फ्लायओव्हरखाली खांबावर पाण्याचे काळे ओघळ होते. अण्णा थबकले. "पाठमोरी बाई बघा की. अंबाडा घातलाय."

"अण्णा, या वयात बायका?" निनाद म्हणाला. आम्ही खो-खो हसलो. अण्णाही हसले, पण फोटो काढून झाल्यावर.

*

मग सर्जापूर रोडला एका अर्धवट बिल्डिंगच्या सिमेंटवर डाग दिसला. "तीच की ही," अण्णा म्हणाले. "आता अर्धी वळलीय." या वेळी कुणी हसलं नाही.

स्वाती स्कूटरवर गेली. निनाद, अण्णा आणि मी ऑटो थांबवली. ड्रायव्हरने मान हलवली, "नाल्कु जना आगल्ल!" अण्णांनी हळूच अर्थ सांगितला, चार जण जमणार नाहीत.

अहो, आम्ही तिघेच होतो! निनादने कसंबसं त्याला पटवलं. अण्णा मात्र खुशीत आत बसले, शेजारी स्वल्प जागा सोडून.

*

गेल्या रविवारी अण्णांचा गुडघा दुखत होता, ते आले नाहीत. आम्ही डोशाची वाट बघत बसलेलो. ग्रुपवर त्यांचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'स्वयंपाकघरातली ओल'. मी उघडेपर्यंत डिलीट!

"अण्णांनी स्वयंपाकाला काकू ठेवल्या वाटतं," स्वाती टाइप करता करता म्हणाली. "चांगल्या हसतायत कॅमेऱ्यात बघून. पण नियम म्हणजे नियम!"

निनादने माझ्याकडे बघितलं. तिचा मेसेज गेलासुद्धा होता, 'अण्णा, त्या काकूंना बाजूला व्हायला सांगा आणि परत काढा.'

डोसे आले तेव्हा अण्णांचं उत्तर आलं.

'एवढ्या दिवसांनी तोंडावरचा पदर काढलाय तिनं. बाजूला हो कसं म्हणू?'