सराटा, शेळी आणि दत्तूची चंद्री

टेम्पो वेळेवर आला असता, तर आमच्याकडं एकही किस्सा जमला नसता. नव्वदच्या दशकात शिरूर-दौंड रस्त्यावरच्या आमच्या गावच्या डेअरीत मी दुधाची फॅट मोजायचो. सकाळी कॅन भरून तयार आणि टेम्पोचा पत्ता नाही. मग बाकड्यावर गप्पा. विषय गुराढोरांपासून सुरू व्हायचा आणि फिरून तिथंच यायचा.

*

डेअरीला लागून अन्वरभाईंचं पंक्चरचं दुकान. दूध घालायला येणाऱ्या निम्म्या सायकलींची चाकं सराट्यानं बसायची. सराट्याचं फळ कसंही पडू द्या, एक काटा वर असतोच! आप्पा, म्हणजे आमच्या बाकड्याचे कायमचे अध्यक्ष, एकदा वैतागून म्हणाले, "अन्वर, रस्त्याकडंचा समदा सराटा उपटू की."

अन्वरभाई ट्यूब पाण्यात बुडवत शांतपणे म्हणाले, "आप्पा, भागीदाराला असं उपटत न्हाईत."

टायरमधून काढलेले काटे ते दुकानामागं फेकायचे. पावसाळ्यात तिथं सराटा असा पसरला, की आधी बसली ती अन्वरभाईंचीच मोपेड.

आप्पांनी विचारलं, "काय, भागीदार हिस्सा मागतोय व्हय?"

*

आप्पांचीही एकदा जिरली. मेथीचा वाफा शेळीनं खाऊ नये म्हणून त्यांनी चारी बाजूंनी बाभळीच्या हिरव्या फांद्या रचल्या. बोटाएवढे काटे! "आता ये म्हणावं," म्हणाले.

शेळी आली. ओठ पुढं काढून, काट्यांच्या मधून पाला अलगद टिपत तिनं दुपारपर्यंत कुंपण साफ केलं. मेथीकडं बघितलंसुद्धा नाही.

आप्पांची बायको एवढंच म्हणाली, "उद्याबी नवं कुंपण घाला. मेथी वाचती."

*

एका उन्हाळ्यात टिटवीनं रस्त्याच्या खडीत अंडी घातली. खडीसारखीच करडी, ठिपक्यांची. आम्हाला दाखवायला नेलं आप्पांनी, आणि तिथं पोचल्यावर तेच शोधत बसले.

डेअरीचा कुत्रा वाघ्या तिकडं वळला, की टिटवी एक पंख लोंबवत लंगडत पळायची. वाघ्या मागं. ओढ्यापर्यंत नेलं, की भुर्रकन वर! असं रोज चालायचं आणि वाघ्याला रोज वाटायचं, आज ही खरंच लंगडतीय.

"मनानं लई चांगला हाय बिचारा," अन्वरभाई म्हणायचे. पिल्लं निघून चालती झाली, तरी वाघ्या आपला खडीपाशी वाट बघत बसलेला.

*

दत्तू आमच्यातला सगळ्यात तरुण, रांजणगावला कंपनीत कामाला. बायको शालन पहिल्या बाळंतपणाला दौंडला माहेरी गेली आणि त्यांची म्हैस चंद्री अडून बसली. तिला शालनच्या हाताची सवय. दत्तू जवळ गेला, की हुंगायची, मान फिरवायची आणि पान्हा चोरायची. कास तट्ट फुगली, पण धार नाही. शालननं जाताना बजावलं होतं, "घरात लेकरू येणार हाय. चंद्रीला आटू देऊ नका." दत्तू पार काळजीत पडला. त्याचं तोंड बघून आमच्याही गप्पा बंद पडल्या.

गावात चालू फोन एकच, डेअरीतला. दत्तूनं दौंडला लावला. तिकडून शालन काहीतरी बोलली आणि हा ओरडला, "साडी? मी नेसू?"

आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो.

शालनचं म्हणणं साधं होतं. दाराआड तिची कामाची, न धुतलेली साडी टांगलेली होती. त्या साडीला शालनच्या अंगाचा वास होता. पहाटे दत्तू ती नेसून गोठ्यात बसला. चंद्रीनं पदर हुंगला, पुन्हा हुंगला आणि पान्हा सोडला. दत्तू कॅन घेऊन डेअरीत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "दिलं तिनं, आप्पा," म्हणाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. खूप बरं वाटलं आम्हाला. दुसऱ्या दिवसापासून मात्र पोट दुखेपर्यंत हसलो!

पुढं शालन लेकीला घेऊन घरी आली. चंद्रीनं तिला लांबूनच ओळखलं आणि दावं ताणून रेकली. साडीचं काम संपलं, असं सगळ्यांना वाटलं.

मग एका संध्याकाळी आप्पा दत्तूकडं गेले. शालन गोठ्यात धार काढत होती. इकडं पडवीत दत्तू तीच साडी गुंडाळून, पदर खांद्यावरून घेऊन येरझाऱ्या घालत होता.

आप्पा दारातच थबकले. "दत्तू, आता तर शालन आली की. मग साडी कशाला रं?"

दत्तूनं ओठांवर बोट ठेवलं आणि पदराआडच्या लेकीला जरा सावरलं. "हळू, आप्पा. आत्ता कुठं गप झालीय."