कोरं ठेवायचं पान

चर्चचे पाळकसाहेब नेहमी वर्षभर पुढे असत. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं असायचं आणि ते वाशीमच्या माझ्या टायपिंगच्या दुकानात बसून पुढच्या वर्षीच्या नाताळाचं मनन लिहीत. रोजचं एक पान, असं वर्षाचं पुस्तक. रिठद-मेडशीकडच्या ख्रिस्ती घरांतही सकाळच्या चहाआधी ते वाचलं जाई. टाइप करणारा मी बौद्ध. त्यावरून मला छेडत, "माहं पुस्तक तुह्याइतकं कोणी वाचलं नाई, तरी तू कोरडाच!"

"इतकी घाई कायले करून राह्यले?" मी विचारी.

"दुःख काय सांगून येते? त्याच्या आंधी पान पोचलं पायजे."

'कदाचित' हा शब्द त्यांना खपत नसे. "रडणाऱ्याले कदाचित काय कामाचं?" म्हणत आणि खोडून टाकत. त्यांच्या त्या ठाम वाक्यांवर कितीतरी घरं उभी होती.

मग त्यांची बायको, पाळकीणबाई, आजारी पडल्या. अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, आणि ऐन ऑगस्टात त्या गेल्या. चर्चच्या मंडळीचा रिवाज असा की कबरीपाशीही त्या दिवसाचं पान वाचायचं. एका वडीलधाऱ्यांनी वाचलं, "आज तुझं माणूस बरं होऊन घरी येईल." साहेबांनीच कधीचं लिहून ठेवलेलं. त्यांचं तेव्हाचं तोंड मला अजून दिसतं.

पुढच्या वर्षाचं पुस्तक तोवर टाइप होऊन तयार होतं. पंधरा दिवसांनी ते दुकानात आले. म्हणाले, "तिच्या तारखेचं पान कोरं सोड. त्या दिवशी मले काईच सांगता येत नाई."

मी हो म्हटलं. पण मनात आलं, दुःख ओसरेल, माणूस सावरेल, आणि मलाच शाबासकी देईल. पान होतं तसंच छापलं. शहाणपणा नडला म्हणतात तो असा.

छापलेलं पुस्तक त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. बाईंची वर्षश्राद्धासारखी प्रार्थनासभा होती, मीही मागे बसलो होतो. त्यांनी कोरं पान दाखवायला पुस्तक उघडलं आणि थांबले. लोक वाट बघत होते. मग त्यांनी ते पान वाचलं, "आज तुझ्या घरी आनंद आहे," पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, हजेरी घ्यावी तशा आवाजात.

पुढच्या रविवारी ते उपासनेला आले नाहीत. नंतर लिहिलंही नाही. नागपूरला मुलीकडे निघाले तेव्हा बसस्टँडवर मी त्यांना गाठलं. "पाळकसाहेब, माहं चुकलं."

"तुहं काय चुकलं बाबा," ते म्हणाले. "लिवलं त मीच होतं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. बस हलली, आणि त्यांनी माझ्याकडे पुन्हा पाहिलं नाही.