नळावरचं लॅटिन

नातीने केकवरची मेणबत्ती फुंकली आणि विझत्या वातीच्या त्या वासाने मला ऐंशीच्या दशकातल्या वाकोल्यात नेऊन बसवलं, चर्चमागच्या फादरांच्या खोलीत.

म्हातारे फादर रविवारी लॅटिन शिकवायचे. हौस माझी होती. चुलतबहीण शैला नुसती सोबतीला. मी आधी क्रियापद शोधायचे, मग कर्ता, मग शब्दकोश उघडायचे. ती मेली पंख्याकडे बघत बसायची.

त्या रविवारी फादर एका रोमन कवीची कविता मोठ्याने वाचत होते. मी क्रियापदाखाली रेघ मारतेय, तोच शैला खो खो हसत सुटली.

“फादर, हा कुणाशी तरी भांडतोय ना? आमची आजी नळावर भांडते ना, अगदी तस्साच!”

फादरांनी चष्मा काढून डोळे पुसले. “बरोब्बर! शेजाऱ्याला शिव्याच घालतोय तो.” मग दोघं मिळून हसले. मी लावलेला अर्थ कुणी विचारलाच नाही.

शैला पुढे परदेशात लॅटिन काव्याची मोठी प्राध्यापक झाली. तिची पुस्तकं, तिचे मानसन्मान, सगळं मी गोड मानून घेतलं. ते हसणं मात्र आजही पचत नाही. कारण आजी आम्हा दोघींची एकच होती. ती नळावर मालवणीत तोंड सोडायची, तेव्हा शैला गॅलरीत उभी राहून ऐकायची, आणि मी लॅटिनचा अभ्यास नीट व्हावा म्हणून खिडकी लावून घ्यायचे.