खुनी कोण, ते व्याह्यांना सांगायचं नाही

माझ्या मुलीची सोयरीक एका खुनापायी मोडता मोडता राहिली.

खून मी केला नव्हता. तो कोणी केला ते मला ठाऊक होतं, एवढाच माझा गुन्हा. आणि खून तरी कुठला? 'पिवळ्या बंगल्यातलं बोलावणं' या जुन्या गुप्तहेर कादंबरीतला! आमच्या भिलाईच्या मराठी मंडळाच्या कपाटात तिची एकच प्रत होती आणि ती मी इतक्या वेळा घरी आणली, की शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "बोरकर, हे पुस्तक आता तुमच्याच घरी राहू द्या. कोनाले वाचायचं असन तर आमी त्याले तुमच्या क्वार्टरवर पाठवून देऊ."

मी प्लांटमधला माणूस. दिवसभर रेल मिलच्या धडधडाटात लालभडक रूळ पाहायचे आणि घरी येऊन गुप्तहेर सारंगधरच्या मागं मागं त्या बंगल्यात हिंडायचं. त्यामुळे या कादंबरीवर हिंदीत मोठा सिनेमा येणार ही बातमी ऐकून मी जो ओरडलो, तसा मुलीच्या जन्माच्या वेळीही ओरडलो नव्हतो. (असं बायकोचं म्हणणं आहे. माझ्या मते दोन्ही वेळचा आवाज सारखाच होता.)

आम्ही काही वेड्यांनी लगेच मोबाईलवर गट काढला. मग ट्रेलर आला आणि पाहतो तर काय, सारंगधरला मिशीच नाही! गटावर रणकंदन माजलं. "सारंगधरले मिशी नाही म्हनजे काय? उद्या मारुतीले शेपूट नाही म्हनतीन!" असा निरोप मी स्वतःच्या आवाजात भरून पाठवला. तो चुकून आमच्या शिफ्टच्या गटावर गेला. दुसऱ्या दिवशी फोरमननं मला बाजूला घेऊन विचारलं, "बोरकर जी, घर में सब ठीक है ना?"

घरात सगळं ठीकच होतं. उलट आमच्या प्राचीनं स्वतःचं लग्न स्वतःच जमवून आणलं होतं. मुलगा तिच्याच ऑफिसातला. निखिल गभणे. घर दुर्गच्या मोहन नगरात, मूळ गाव गोंदियाकडचं. नकार द्यायला आम्ही कारण शोधलं, पण सापडेना. अडचण एकच होती, निखिलचे वडील. वसंतराव गभणे, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. त्यांनी जन्मभर हिरवी झेंडी दाखवली ती फक्त गाड्यांना, माणसांना नाही. त्यांचा होकार यायचा होता आणि त्यासाठी ते रविवारी सहकुटुंब आमच्याकडे येणार होते.

"पापा, एक बात ध्यान से सुनो," आदल्या दिवशी प्राची म्हणाली. (आमची कन्या मराठीत सुरू होते आणि दुसऱ्या स्टेशनावर हिंदीची गाडी पकडते. सुरुवातच हिंदीत झाली, की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.) "निखिलचे बाबा जासूसी किताबें खूप वाचतात. फक्त ते पिवळा बंगला पुस्तक वाचलेलं नाही. त्यांना ते कधी मिळालंच नाही. आता डायरेक्ट सिनेमा पाहायचा म्हणून थांबले आहेत. कातिल कौन है, ये आपके मुँह से नहीं निकलना चाहिए!"

"मी कावून सांगू?"

"आपने दूधवाले को बताया है, पापा."

हे खरं होतं. पण त्यानं विचारलं होतं! (म्हणजे त्यानं 'उद्या किती लिटर?' असं विचारलं होतं, पण विषय निघाला.)

"एका ड्रायव्हरनं त्यांना कुठल्याशा पुस्तकाचा खुनी आधीच सांगून टाकला होता," प्राची पुढं म्हणाली. "रिटायर होईपर्यंत बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्या गाडीला झेंडी दाखवायचे, पण तोंड फिरवून!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्या कादंबरीत खुनी डॉक्टर असतो. (वाचली नसेल तर माफ करा. पाहा, हा असा माझा स्वभाव!) शेठजींचा जिवाभावाचा डॉक्टर रोजच्या खोकल्याच्या औषधातून त्यांना विष देतो. म्हणजे मला फक्त 'डॉक्टर' हा एक शब्द टाळायचा होता. एका सकाळी, एका माणसासमोर, एक शब्द! त्यात काय अवघड?

रविवारी गभणे मंडळी आली. पुढं वसंतराव, ताठ, पांढऱ्या मिशा. मागं शालिनीताई, शांत बाई. मग निखिल. आणि त्याच्या मागून, ज्याच्याबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं असा, एक गोलमटोल, हसतमुख गृहस्थ.

"हा माहा लहान भाऊ, अरुण," वसंतराव म्हणाले. "हथखोजले दवाखाना आहे याचा. डॉक्टर आहे."

माझ्या हातातला पाण्याचा ट्रे कलंडला. अर्धं पाणी निखिलच्या पँटवर गेलं.

"या या या... अरुणभाऊ!" मी म्हणालो. "बसा ना जी! हे... अरुणभाऊ!"

तर्रीपोहे आले. मी मोठ्या धोरणानं बोलणं प्लांटकडे, उन्हाकडे, दुर्ग-भिलाईच्या रस्त्यांकडे नेत होतो. तेवढ्यात माझी बायको रेखा चहा घेऊन बाहेर आली आणि गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुमाले साखर किती?"

तो शब्द बुडवण्यासाठी मी खोकलो. असा खोकलो, की शेजारच्या क्वार्टरमधला कुत्रा भुंकायला लागला.

अरुणभाऊंनी तत्परतेनं कप खाली ठेवला. "खोकला कधीपासून आहे?"

"आत्तापासून!"

"कोरडा आहे. माह्याजवळ गोळ्या आहेत, देतो." त्यांनी खिशातून पांढऱ्या गोळ्यांची इवलीशी बाटली काढली.

आता विचार करा. मी ती कादंबरी पाठ केलेला माणूस. खोकला, हसतमुख डॉक्टर आणि खिशातून निघालेली बाटली! माझ्या तोंडून आपसूक किंकाळी निघाली, "नको! खोकल्याचं औषध नको!"

अरुणभाऊंचा चेहरा उतरला. प्राचीनं डोळे मिटले. वसंतरावांनी मात्र चमचा खाली ठेवला आणि ते माझ्याकडे निरखून पाहू लागले.

"बोरकरजी," ते सावकाश म्हणाले, "तुमी तो पिवळा बंगला वाचला आहे म्हनतेत?"

"थोडासा. वरवर."

"मले तर कधी भेटलाच नाही. तुमच्या मंडळात दहादा चक्कर मारली. दरवेळी एकच उत्तर, कोनीतरी घेऊन गेला आहे. कोन होता तो नालायक, देव जाने."

"असतात एकेक," मी म्हणालो. रेखानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"खुनी नका सांगू. फक्त बंगल्यात कोन कोन राहते तेवढं सांगा."

एवढं सांगायला काय हरकत होती? मी बोटांवर मोजत सुरू केलं. "वकील. जावई. म्हातारी आत्या. स्वयंपाकीण. माळी..."

"अन्?"

"अन् कोनीच नाही."

"ट्रेलरमधी एक काळी बॅगवाला दिसला मले. पायऱ्या चढून राहिला होता."

"तो?" मला घाम फुटला. "तो... प्लंबर असन!"

वसंतराव उठून उभे राहिले. गाडी सुटायच्या आधी गार्ड उभा राहतो तसे.

"तुमी माह्या भावाले नुसतं अरुणभाऊ म्हटलं. रस्त्यावरचा मानूस जे म्हनते ते तुमी एकदाही नाही म्हटलं! शब्द आला तर खोकलले. औषध पाहून भ्याले. बॅगवाल्याले प्लंबर केलं." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "डॉक्टरनं मारलं! खोकल्याच्या औषधातून! सांगून टाकलं ना तुमी मले?"

"मी तर शब्दही काढला नाही!"

"म्हनूनच समजलं!"

पोहे तसेच सोडून मंडळी निघाली. "कळवतो," वसंतराव दारातून म्हणाले. म्हणाले म्हणजे, तोंड फिरवून म्हणाले. शालिनीताई मागं वळून पाहत गेल्या. बिचाऱ्या अरुणभाऊंना तर आपला काय गुन्हा झाला हेच कळलं नव्हतं. ते गोळ्या मात्र टीपॉयवर ठेवून गेले.

प्राची रडत नव्हती, हे जास्त वाईट होतं. ती नुसती सोफ्याच्या टोकावर बसून ओढणीला पीळ देत होती. "एक शब्द, पापा. आपसे एक शब्द नहीं छुपाया गया."

"बेटा, शब्द तर मी लपवलाच होता..."

"अहो, तुमी आता गप्प बसा," रेखा म्हणाली. "तुमचं लपवनंच बोलते!"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. निखिल भला मुलगा होता, पण बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. लेकीचा संसार आपल्या तोंडामुळे, तेही आपण ते बंद ठेवल्यामुळे, बुडावा? मी ठरवलं, आपणच निस्तरायचं. संध्याकाळी वसंतरावांना फोन लावला.

"गार्डसाहेब, माह्या मुलीची शपथ नाही घेत, पन सांगतो. तो डॉक्टर खुनी नाही."

पलीकडून थंड आवाज आला, "म्हनजे आता पक्कंच झालं." आणि फोन बंद.

सिनेमा शुक्रवारी लागला. निखिलनं दोन्ही घरांची तिकिटं आधीच काढून ठेवली होती, मॅटिनीची, एकाच रांगेत. न जावं तर ते आणखी बिघडलं असतं. गेलो. रांगेत एका टोकाला वसंतराव, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये दोन्ही कुटुंबं अशी बसली होती, जशी तहाच्या बोलण्यांना बसतात.

सिनेमा काय सुरेख होता! बंगला अगदी माझ्या मनातलाच. मिशी नसलेला सारंगधरसुद्धा मला हळूहळू पटायला लागला. इंटरव्हलमध्ये दिवे लागले. वसंतराव हातात समोसा घेऊन उभे राहिले आणि अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात, माझ्याकडे पाहत म्हणाले, "पाहून घ्या सगळे! शेवटी डॉक्टरच निघते!"

मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं उसळली. "अंकल, ये क्या किया आपने!" "अरे, हम पैसा देकर आए हैं!" एका पोराचं पॉपकॉर्न आमच्यावर सांडलं. (माझ्या मते ते सांडलं नव्हतं, आलं होतं.) वसंतराव विजयी मुद्रेनं खाली बसले. मी खुर्चीत इतका खाली सरकलो, की पडद्याऐवजी समोरच्या माणसाचे बूट दिसू लागले.

उत्तरार्ध सुरू झाला. शेवटचा प्रसंग आला. सारंगधरनं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून फिरला. वकील. जावई. आत्या. डॉक्टर. मी श्वास रोखला. सारंगधरनं हात उचलला, बोट रोखलं, आणि म्हातारी आत्या खदाखदा हसायला लागली!

आत्या! ज्या आत्यानं सबंध कादंबरीत तुळशीला पाणी घालण्यापलीकडे काही केलं नव्हतं, ती! सिनेमावाल्यांनी खुनीच बदलला होता!

त्यानंतर जे झालं त्याबद्दल मला एवढंच सांगता येईल, की मी ते ठरवून केलं नाही. मी उभा राहिलो आणि पडद्याकडे बोट करून ओरडलो, "चूक आहे! सरासर चूक आहे! डॉक्टरनंच मारलं! सोडा त्या बुढीले!"

टॉर्चचा झोत माझ्या तोंडावर आला. मागची पोरं टाळ्या पिटू लागली. "अंकल, आत्या को इंसाफ़ दिलाओ!" रेखानं माझा शर्ट धरून मला खाली ओढलं. आणि त्या गोंधळात कोणीतरी हसू लागलं. आधी दबून, मग मोकळं, मग अगदी पोट धरून. शालिनीताई! आमच्या घरी ज्या बाईंचा आवाजही ऐकू आला नव्हता, त्या पदर तोंडात कोंबून हसत होत्या आणि तरी हसू मावत नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये आलो तरी त्या डोळे पुसतच होत्या. वसंतराव गाडीपाशी खांबासारखे उभे.

"लगन झाल्यापासून पाहून राहिली मी," शालिनीताई रेखाचा हात धरून म्हणाल्या. "कोनताबी सिनेमा असो, हे इंटरव्हलमधी समोसा खात खात खुनी सांगतेत, अन् तोच निघते. माह्या नशिबात एकही सिनेमा शेवटपर्यंत नव्हता, बाई! आज पहिल्यांदा हे चुकले. भरल्या टॉकीजमधी चुकले!" मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "ऐकून घ्या. सून मी याच घरची आननार आहे. तुमी कळवतो म्हटलं होतं ना? मी कळवून राहिली."

प्राची पुढं होऊन त्यांच्या गळ्यात पडली. निखिल कुणाकडे पाहावं लागू नये म्हणून स्कूटरच्या किल्लीकडे पाहत होता. वसंतराव बराच वेळ मिशी ओढत राहिले.

"आत्या येईन असं सपनातही नव्हतं आलं," ते अखेर पुटपुटले. "मजा आली पन." मग माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि खऱ्याखुऱ्या काळजीनं विचारलं, "बोरकरजी, खरं सांगा. तुमी ते पुस्तक वाचलं आहे ना?"

मी सगळं सांगायला तोंड उघडलं. पुस्तकात डॉक्टरच आहे, सिनेमावाल्यांनीच बदललं, हवं तर आज घरी चला, पान उघडून दाखवतो. तेवढ्यात प्राचीनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड वेळेवर मिटलं.

लग्न थाटात झालं. वसंतराव माझा हात धरून मांडवभर हिंडले आणि भेटेल त्या पाहुण्याला माझी ओळख करून देत राहिले. "हे आमचे व्याही. अख्खा पिवळा बंगला तोंडपाठ आहे जी यायले! फक्त खुनी कोन, तेवढं नाही माहीत."

पाहुणे हसायचे आणि माझ्याकडे पाहायचे. मी मुलीचा बाप, काय बोलणार? प्रत्येकापुढं हात जोडले आणि म्हणालो, "हाव जी, शेवटची पानं वाचायची राहिली होती!"