नानांना आवाजाचाच प्रिंटर हवा!

प्रिंटरच्या दुकानात काम करा, किस्से शोधावे लागत नाहीत यार. तेच चार्जर-केबलसकट काउंटरवर येऊन आदळतात!

आमचं दुकान जळगावात. मालक ललितभाऊ. मी सेल्स, सर्व्हिस आणि शिव्या खाणं, तिन्ही खात्यांची प्रमुख. ललितभाऊ धुळ्यात दुसरं दुकान काढणार होते. मला ते हवंच होतं, कारण धुळं म्हणजे माझं घर, आईच्या हातचं जेवण आणि घोरणाऱ्या रूममेटपासून सुटका!

ललितभाऊंनी अट घातली, "चोपड्याच्या नानांना लेझर विकून दाखव. धुळ्याची चावी तुझी."

बोंबला! नानांचा केळीच्या गाड्यांचा वजनकाटा आणि त्यावर बिलं काढायला एक म्हातारा डॉट मॅट्रिक्स, शाईच्या रिबनवर टाचण्या आपटून छापणारा. कर्रर्र, कर्रर्र! आमच्या दुकानातले सगळे नानांपुढे हरून आलेले.

*

एरंडोलच्या अक्कांनी इंकजेट नेला. मी बजावलं, "अक्का, आपल्याकडच्या उन्हात शाई सुकते. रोज एक पान काढत जा."

महिन्याभरात प्रिंटर परत! हेड पार चोंदलेलं.

"अक्का, रोज पान काढलं का?"

"एक दिवस चुकवला नाही गं!"

"काय छापायच्या?"

"कोरं पान काढायचे. शाई कशाला वाया घालवू?"

*

थर्मल प्रिंटरला शाईच लागत नाही, कागद तापला की अक्षर उमटतं. आमचं बिल त्याच्यावरच निघतं.

दीपनगरचे एक साहेब वॉरंटीसाठी आले आणि काळीकुट्ट चकचकीत पट्टी पुढे ठेवली.

"हे काय साहेब?"

"तुमचं बिल. जपून राहावं म्हणून लॅमिनेशन केलं."

ललितभाऊंनी पट्टी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "साहेब, यात माझा चेहरा दिसतोय. दाढी करायला हवी."

*

नरडाण्याच्या एका कंपनीतून थंडीत सारखा फोन. "टोनर लगेच संपतो! तुमचा लेझर बोगस आहे."

गेले बघायला. ऑफिसात सगळे शालीत गुंडाळलेले, प्रिंटरभोवती गोल करून उभे. लेझरचा कागद गरमागरम निघतो ना! एकाने टेस्ट पेज काढलं, गालाला लावलं आणि शेजाऱ्याला दिलं.

मी म्हटलं, "अहो, हीटर घ्या की!"

"मॅडम, हीटर साहेब मंजूर करत नाहीत. प्रिंटर मंजूर आहे."

*

आता नाना. मी हात धुऊन मागे लागले. लेझर फास्ट, लेझर स्वच्छ, रिबनची कटकट नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "ठेव बाई. पण माझी माणसं कुरकुरली तर परत नेशील."

ललितभाऊंनी चावी दिली. मी आईला फोन करून भरीत करायला सांगितलंसुद्धा!

दुसऱ्याच दिवशी नानांचा फोन. "ये आणि ने."

मी आणि ललितभाऊ पोहोचलो. काट्यावर गाड्यांची ही रांग! बाकावर एक आबा बसलेले, हातात लेझरचं बिल.

"आबा, काम झालं ना? उठा की," मी म्हटलं.

"बिल कव्हय निंघी?"

"हातात आहे ते काय?"

"हाऊ कागद शे. मशीन तं बोलनंच नई!"

नाना माझ्याकडे बघतायत. ललितभाऊंनी हात पुढे केला. चावीसाठी!

माझ्या डोळ्यांसमोरून भरीत निघालं. तेवढ्यात कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसलेला जुना डॉट मॅट्रिक्स दिसला. टॉवेल उडवला, वायर लावली, रिबन काढून फेकली, एक रद्दी कागद अडकवला आणि कॉम्प्युटरवरून दोघांनाही एकदमच प्रिंट सोडली.

लेझरने गुपचूप बिल काढलं. शेजारी म्हातारा रद्दी कागदावर, शाईचा ठिपकाही न उमटवता, जीव तोडून ओरडला, कर्रर्र, कर्रर्र!

आबा ताडकन उठले. "आते निंघनं बिल!" हातातल्याच बिलाची घडी घातली, खिशात ठेवली, गेले. रांग हलली.

ललितभाऊंनी हात मागे घेतला.

*

धुळ्याच्या दुकानाचं उद्घाटन. काचेत नवेकोरे लेझर, इंकटँक, सगळ्यांना झेंडूचे हार. पहिलं गिऱ्हाईक, कापसाचे एक व्यापारी, सगळ्यांसमोरून सरळ माझ्यापर्यंत आले.

"चोपड्याच्या नानांकडे आहे तो सेट दाखवा."

मी लेझरवरचा हार बाजूला केला.

"तो राहू द्या," ते म्हणाले. "आधी ओरडणारा दाखवा."