नवे हातमोजे

वाळकी विष्ठा अंगठ्याने चुरडायची, आत सापडलेला केस उजेडात धरायचा आणि म्हणायचं, "हाताला कळतं, सायब." आप्पांची ही खोड मी वडगाव रासाईच्या उसात पहिल्याच दिवशी पाहिली.

मी रानमांजरांच्या पोटातले जंत तपासायच्या कामावर होतो. शिरूरपासून नदीपलीकडच्या दौंडपर्यंत बांधाबांधाने विष्ठा गोळा करायची. आप्पा माझे वाटाडे, उमर मेंढरांमागे गेलेली. कुत्र्याची कुठली, रानमांजराची कुठली, ते लांबूनच सांगायचे. विष्ठेला 'माल' म्हणायचे. "ह्यो बिबट्याचा माल. गडी दौंडाकडं गेलाय. कंपनीत लागला आसंल." हे इतक्या गंभीर चेहऱ्याने, की मी वहीत दिशा लिहूनसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हातमोज्यांचा खोका दिला. "आप्पा, याच्याशिवाय मालाला हात लावायचा नाही."

"व्हय, व्हय." त्यांनी खोका दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला.

पुढे मी महिन्यातून एकदा जायचो. तोवर जमलेल्या मालाच्या पुड्या आप्पा कोपरीच्या खिशात जपायचे, तंबाखूच्या चंचीला लागून. हे मी पाहिलं होतं. बोललो नाही. नमुने चांगले मिळत होते ना!

एकदा महिनाभर जुनी पुडी सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मी हादरलोच. जंताच्या अंड्यात अळी वळवळत होती. ताज्या विष्ठेतली ही अंडी माणसाला बाधत नाहीत, काही आठवडे मुरली की बाधतात. आप्पा माल जपत होते माझ्यासाठी, आणि अंडी तिथंच मुरत होती. त्याच बोटांनी ते तंबाखू मळत होते. त्याच बोटांनी सोललेल्या भुईमुगाच्या शेंगा मीही खाल्ल्या होत्या.

तडक गेलो. आप्पा अंगणात एका डोळ्यावर हात धरून बसलेले.

"ह्या डोळ्यानं तुमी धुक्यात दिसताय, सायब. म्हैना झाला."

"महिना? आणि सांगितलं नाहीत?"

"तुमचं काम आडलं आसतं."

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला, रक्त तपासलं. अळी पोटातून रक्तावाटे डोळ्यात शिरली होती. त्या डोळ्याची नजर परत येणार नाही, म्हणाले. वाटेत आप्पा एवढंच म्हणाले, "हाताला न्हाई कळलं."

घरी आल्यावर न राहवून मी विचारलं, "आप्पा, मोजे का नाही घातलेत?"

ते आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. धुतलेल्या फडक्यात बांधलेला खोका घेऊन बाहेर आले.

"तुमचे जसंच्या तसं हायेत. एकबी खराब केला न्हाई. येवढ्या नव्या कोऱ्या वस्तूला घाण कशी लावायची?"

मी हात पुढे केला. आप्पांनी खोका दिला, पण माझ्या हाताच्या वीतभर अलीकडेच सोडला. तो मातीत पडला. ते घाईने वाकले, चाचपून तो उचलला आणि उघड्या तळव्याने त्याच्यावरची धूळ पुसू लागले.