चौथ्या मजल्याचं दार

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लोकांत त्याला सगळे उपदेशक म्हणायचे. दिवसभर पाना-पक्कड हातात, अंगाला ग्रीस, आणि संध्याकाळी स्वारी कडक इस्त्रीचा सदरा घालून प्रार्थनासभेत उभी. आवाज असा, की मागच्या बाकावर पेंगणारा म्हाताराही ताठ बसायचा. सोबतचे लोक चेष्टा करायचे, "अरे, लिफ्टनं माणसं चौथ्या मजल्यापर्यंतच जातात, पुढचं उपदेशक बघून घेतो." तोही हसायचा. खरं सांगायचं तर मनातून त्याला ते पटायचंही. लोखंडाचं काम पोटासाठी, आपलं खरं पाचारण व्यासपीठावर, असं तो धरून चालला होता. नडलं ते तिथंच.

तीस वर्षांपूर्वीचा शनिवार. एका जुन्या इमारतीतून तक्रार आली, चौथ्या मजल्याचं दार अडतंय. तेव्हाच्या लिफ्टना प्रत्येक मजल्यावर बाहेरून एक जाळीचं दार असायचं, आणि त्या दाराला असं कुलूप, की लिफ्ट समोर येऊन थांबल्याशिवाय ते उघडायचंच नाही. त्यानं कुलूप खोललं. आतली स्प्रिंग गेली होती. नवी बसवायची म्हणजे अर्धा-पाऊण तास. घड्याळात साडेपाच वाजून गेलेले. सहाला सभा, आणि बोलायची पाळी त्याची. त्यानं कुलूप पिशवीत टाकलं, कुलपाशिवाय लिफ्ट हलत नाही म्हणून त्याच्या जागी तारेचा एक तुकडा जोडून दिला आणि मनाशी म्हणाला, उरलेलं सोमवारी. मुख्य बटण तरी बंद करायचं! पण मग रहिवासी कटकट करणार, वर बोलावणार, उशीर होणार. गेला तसाच.

त्याच मजल्यावर दोन बहिणी राहायच्या. दोघी बिनलग्नाच्या, दोघी त्याच्याच चर्चच्या. मंडळी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायची. धाकटी सुईण होती. रविवारी पहाटे तिला बोलावणं आलं, कुणी बाई अडली होती. धाकटीनं दार ओढलं, ते उघडलं, आणि तिनं पाऊल टाकलं. लिफ्ट तळाशी होती.

रखवालदार धावत आला तो उपदेशकाकडेच, कारण तोच जवळ राहायचा. आणि इथं त्यानं जे केलं, ते ऐकून कुणालाही चीड येईल, मलाही येते. पोलीस पोचायच्या आत त्यानं चौथ्या मजल्यावर जाऊन स्प्रिंग घातली, कुलूप बसवलं आणि तार काढून खिशात घातली. दहा मिनिटांत! आदल्या दिवशी ज्याला वेळ नव्हता ते काम दहा मिनिटांत झालं. चौकशीवाले आले, दार ओढून पाहिलं, पक्कं. त्यांनी लिहिलं, बाईंनी घाईघाईत जोर लावला असावा, जुनं कुलूप निसटलं असावं.

त्यानंतर उपदेशक एकदाही व्यासपीठावर चढला नाही. घसा बसतो म्हणायचा. लोकांना वाटलं, माणूस नम्र झाला. हळूहळू त्याच्या गप्प राहण्याचंच कौतुक व्हायला लागलं. रोज, न चुकता, कामावर जाण्याआधी तो त्या इमारतीत जायचा, जिन्यानं चार मजले चढायचा आणि ते दार तीनदा ओढून बघायचा. लिफ्ट बदलली, जाळी जाऊन पत्र्याचं दार आलं, तो निवृत्त झाला, तरी फेरी चुकली नाही. बायको होती तोवर म्हणायची, "तुमचं लग्न माझ्याशी नाही, त्या दाराशी झालंय." बिचारीला काय ठाऊक!

भूतबीत काही नव्हतं. पण जेवताना घास तोंडाशी नेला की त्याला जाळी सरकल्याचा आवाज यायचा. चर्चमध्ये डोळे मिटले की यायचा. भर दुपारी, पंखा चालू असताना, खर्रकन सरकायची आणि मग काहीच नाही. त्या 'काहीच नाही'ला तो घाबरायचा.

यंदा नवे पाळक आले. तरुण, हौशी. ते म्हणाले, देवाचं काम आणि पोटाचं काम अशी दोन खाती नसतात. जो शिवणयंत्र चालवतो, जो नळ जोडतो, त्यालाही देवानंच तिथं उभं केलंय. येत्या रविवारी प्रत्येकानं आपापलं हत्यार आणून वेदीपुढे ठेवायचं आणि साक्ष द्यायची उपदेशकानं, कारण त्याच्याइतकं निष्ठेनं काम कुणी केलं? मंडळीनं टाळ्या वाजवल्या. तो नको नको म्हणाला. कोण ऐकतंय!

उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर त्याला थोरलीनं गाठलं. आता सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले, तरी लिफ्टमध्ये पाय न टाकणारी.

"बोल तू रविवारी," ती म्हणाली. "आणि एक सांग सगळ्यांना. कामावर निघालेल्या माणसाला घाई करू नये. धाकटीला मीच ढकलून काढलं त्या दिवशी. चौकशीच्या कागदात घाई लिहिलंय ना, ती घाई माझी. तीस वर्षं झाली, रोज देवाकडे माफी मागते. मिळाली असं वाटत नाही."

आजवर उपदेशकाला वाटत होतं, हे ओझं आपल्या एकट्याचं आहे. ते तर या बाईच्या डोक्यावर होतं. त्यानं ठेवलेलं. आता दोनच वाटा होत्या: रविवारी टाळ्या घेऊन नाव राखायचं, नाहीतर ते घालवून हिला मोकळं करायचं. आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. शनिवारी दुपारी तो चार मजले चढला. दार ओढून पाहिलं नाही, थेट थोरलीच्या घराची कडी वाजवली.

खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्यावरची चादर अजून नीट घातलेली. तो उभ्याउभ्याच सगळं बोलला. स्प्रिंग, तार, सोमवार, रविवारची ती दहा मिनिटं. काही झाकलं नाही.

थोरली पलंगाच्या कडेला बसली. म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही ताई. तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे."

ती तोंडाला पदर लावून रडली. त्याला वाटलं, आता थोबाडीत मारेल, हाकलून देईल, आणि ते झालेलं बरं. पण तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "एवढं काय अडलं होतं रे तुझं त्या संध्याकाळी?"

"सभा होती. माझी पाळी होती."

"हो की. मीही होते, पुढच्याच बाकावर. काय बोलला होतास, आठवतं?"

त्यानं आठवून पाहिलं. कुलपाचा एकेक स्क्रू त्याला आठवत होता, तार किती लांब होती तेही. पण ज्या प्रवचनासाठी तो पळाला, त्यातला एक शब्द आठवेना. "नाही आठवत," तो म्हणाला.

"मला आठवतं," थोरली म्हणाली. "तू म्हणालास, देवाची हाक आली की हातातलं तसंच टाकून उठावं, मागचं देव बघून घेतो. फार आवडलं होतं मला. रात्री येऊन धाकटीला सांगितलंसुद्धा. पहाटे निरोप आला तेव्हा ती वेणी घालत होती. म्हणाली, एवढी वेणी होऊ दे, खालून लिफ्टही वर येऊ दे, मग निघते. तर मी तिला तुझंच वाक्य ऐकवलं. ती हसली, आणि तशीच मोकळ्या केसांनी गेली."